तन्मयला का वगळलंस?

मिलिंद,

कालच्या मॅचला तन्मय संघात नव्हता. या वेळी त्याला तू नाही, मी वगळलं. आपण हरलो. डॅरेलनं मॅचचा व्हिडिओ सकाळीच पाठवलाय, तो अजून उघडलेला नाही. आज रविवार आहे, पोहे भिजवून ठेवलेत आणि फोडणी करायला हात उचलत नाहीये. भिजून भिजून पोह्यांचा लगदा होईल, होऊ दे.

महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लेख द्या, म्हणून वैद्य काकूंचा फोन आला होता. जन्म कुठला, शिक्षण काय, अमेरिकेत, मॉरिसव्हिलला कधी आलात, मंडळात कोणकोणती पदं भूषवली. मी म्हटलं, काकू, ते सगळं तुम्ही लिहा. मला फक्त त्याच्याशी भांडायचंय, अर्धवट राहिलंय. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, बरं, तसं लिही. म्हणून हे लिहितेय. छापतील न छापतील.

तू काय शिकवायचास हे मंडळात अजूनही कुणाला धड माहीत नाही. भेटायला आलेल्या निम्म्या लोकांना वाटत होतं अमेरिकन फुटबॉल. मी सांगत बसले, नाही हो, रग्बी लीग. तेरा माणसं एका बाजूला, अंगावर गाद्या नाहीत, डोक्यावर लोखंडी टोप नाही. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, त्याला टॅकल म्हणायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. सांत्वनाला आलेल्या माणसांना खेळाचे नियम समजावणारी मी पहिलीच विधवा असेन. पण तेवढा वेळ बरं वाटायचं. नियम बदलत नाहीत.

ऑफिसातला तो ऑस्ट्रेलियन तुला पहिल्यांदा ग्राउंडवर घेऊन गेला, तेव्हा घरी येऊन बूटही न काढता तू म्हणाला होतास, ‘अगं, ही कबड्डीच आहे. फक्त इथे दम सोडला तरी चालतो.’ तुझं सगळं जग कबड्डीपासून सुरू व्हायचं. सांगलीकडच्या तालमीतला डावा कोपरा तू. आधी हौस म्हणून बाजूला उभा राहायचास, मग पकड कशी करायची ते पोरांना दाखवायला लागलास, आणि बघता बघता त्या हौशी क्लबचा कोच झालास. गोरी, काळी, मेक्सिकन, कसली कसली दांडगी पोरं तुला ‘काका’ म्हणायची. त्यांना ते कोचसाठीचं मराठी वाटायचं आणि तू कधी सुधारलं नाहीस.

आणि मी आले ती तुझ्यामागून फरपटत. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणं ही माझी नोकरी. एका रविवारी तू व्हिडिओ बघत होतास आणि म्हणालास, ‘हा पोरगा सॉलिड टॅकल करतो.’ मी सहज विचारलं, किती? आणि किती सुटतात? तुला सांगता येईना. झालं. त्या दिवसापासून आपल्या घरात रविवार म्हणजे पोहे, टीव्हीवर कालची मॅच, तुझ्या हातात रिमोट आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. कोण चेंडू घेऊन किती मीटर पळाला, कुणी किती पाडले, कुणाच्या हातून निसटले. तू बघायचास, मी मोजायचे. बुधवारपर्यंत माझा तक्ता तयार आणि गुरुवारी प्रॅक्टिसनंतर तुझा संघ. आणि मधल्या प्रत्येक जेवणाला भांडण. इतर बायकांना नवरे घरात बोलत नाहीत याचं दुःख असतं. मला ते सुख कधी लाभलं नाही.

‘आकडेबाई, जेवा आता.’

‘आधी सांग, डॅरेल संघात का?’

डॅरेल. शाळेत इतिहास शिकवणारा, चाळिशीला टेकलेला, पळायला लागला की मागून ढकलावंसं वाटेल असा. माझ्या तक्त्यात कायम तळाला. टॅकल मोजके, मीटर त्याहून मोजके. आणि तुझ्या संघात मात्र, राखीवांत का होईना, त्याचं नाव हमखास.

‘हे बघ,’ तू भाकरीचा तुकडा मोडून ताटात मैदान मांडायचास. ‘हा कोपरा चांगला असला की चढाई तिकडे जातच नाही. रेडर काय खुळा आहे? तो जाणार कच्च्या बाजूला. मग चांगल्या कोपऱ्याच्या पकडी कमीच होणार ना? डॅरेलच्या अंगावर कुणी जात नाही. हाच त्याचा खेळ.’

‘म्हणजे जे घडलंच नाही ते मी मोजू? कुठल्या रकान्यात लिहू?’

‘ते तू बघ. पीएचडी तुझी आहे.’

मला इतका राग यायचा. तू चुकीचा होतास म्हणून नाही, तू पटवून द्यायचा कंटाळा करायचास म्हणून. ‘मला दिसतं,’ एवढंच. ‘किती वेळा दिसलं?’ विचारलं की हसायचास. मी काही नेहमी हरत नव्हते हं. तुझा तो लाडका विंगर, मैदानाच्या कडेनं वाऱ्यासारखा पळणारा, त्याच्या हातून चेंडू किती निसटतात ते मी पडद्यावर मांडलं तेव्हा तू दोन दिवस फुगून बसलास आणि तिसऱ्या दिवशी त्याला बाकावर बसवलंस. मला म्हणाला नाहीस तू बरोबर होतीस म्हणून. चहा मात्र तू केलास. तो पांचट चहा मला आत्ता कुणी आणून दिला तर मी त्याच्या पाया पडेन.

तर त्या तक्त्यात या सीझनला सगळ्यात वर कोण होतं? आपला तन्मय. नोकरी लागल्यावर शेजारच्या राली शहरात वेगळा राहायला गेलेला, फोन केला तर टेक्स्टवर उत्तर देणारा आपला मुलगा शनिवारी ग्राउंडवर मात्र तुझ्या हाताखाली खेळायचा. टॅकल सर्वांत जास्त, सुटलेले जवळजवळ नाहीतच. मी ओळी पुन्हा पुन्हा तपासल्या, आई म्हणून झुकतं माप पडायला नको. नाही पडलं. आकडे त्याचेच होते.

आणि त्या गुरुवारी तू ग्रुपवर संघ टाकलास. त्याच्या जागी डॅरेल. राखीव खेळाडूंतही तन्मयचं नाव नाही.

तू बेसिनपाशी डबा घासत होतास. मी फोन तुझ्या नाकासमोर धरला. ‘हे काय आहे?’

‘संघ.’

‘तुझं डोकं ठिकाणावर आहे का? सगळ्यात वर आहे तो.’

‘बघितलं मी.’

‘मग?’

‘रविवारी बोलू.’

‘आत्ता बोल.’

‘सुजाता,’ तू म्हणालास. तू मला नावानं कधी हाक मारायचास? एक तर आजारी असलास की, नाहीतर विषय संपवायचा असला की. ‘रविवारी. मला आधी...’ आणि तेवढ्यात तन्मयचा फोन आला. तू ओल्या हातानं तो स्पीकरवर टाकलास, म्हणून मीही ऐकलं. तो ओरडत होता. शेवटी म्हणाला, ‘यू नेव्हर थॉट आय वॉज गुड इनफ, बाबा. जस्ट से इट.’ तू म्हणालास, ‘तन्मय, रविवारी घरी ये. पोहे खायला ये. बोलू.’ त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये तू गाडीपाशी कोसळलास. हृदय. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. हे लोक सांत्वन म्हणून असं सांगतात. मला काही कळलेलं नाही त्याचं काय?

‘मला आधी’ काय, मिलिंद? मला आधी काय करायचंय? त्याच्याशी बोलायचंय? पुन्हा एकदा व्हिडिओ बघायचाय? मला आधी जेवू दे? त्या अर्ध्या वाक्यापाशी मी रोज जाते आणि परत येते. माणूस जातो ते समजू शकते मी. वाक्य पुरं न करता कसा जातो?

इथे शवपेटी चाकांच्या गाडीवरून नेतात, तुला माहीत आहे. पण तुझी पोरं अडून बसली. डॅरेल त्या माणसांना म्हणाला, ‘नो. वी कॅरी हिम.’ मग मोटारीपासून दहनगृहाच्या दारापर्यंत तुला खांद्यावरूनच नेलं. पुढे तन्मय, उजव्या खांद्यावर पेटी. मंडळातले वैद्य काका बाजूनं चालत होते, रीत सांगत होते. मध्ये थांबून म्हणाले, ‘बाजू बदला रे पोरांनो, दुसऱ्या खांद्यावर घ्या.’ ती सगळी दांडगी पोरं निमूटपणे इकडची तिकडे झाली. तन्मय जागचा हलला नाही. काका पुन्हा म्हणाले तेव्हा त्यांच्याकडे न बघता बोलला, ‘आय ॲम गुड हिअर, काका.’ मला वाटलं, राग. मेलेल्या बापावरचाही राग. मी मान फिरवली.

त्यानंतर तो घरी येऊन राहिला, पण बोलेना. टेबलाशी बसायचा, पुढ्यात ठेवलं ते खायचा. एकदाच म्हणाला, ‘त्यांना वाटायचं मी वीक आहे. मॅथ सोपं आहे, आई. ही सेड इट हिमसेल्फ, ते लोक वीक साइडला जातात. मला सगळ्यात जास्त टॅकल आहेत. बिकॉज दे रन ॲट मी.’

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ताटातल्या भाकरीचं मैदान त्यानंही लहानपणापासून बघितलंय, हे मी विसरलेच होते. आणि तो जे म्हणत होता ते तुझंच होतं, शब्द न् शब्द. कच्च्या कोपऱ्याकडे चढाई. जास्त पकडी म्हणजे कच्चा कोपरा. तुझ्याच मापानं त्यानं स्वतःला मोजलं होतं, आणि मला खोडता येईना. तू असं मानत होतास का? आपल्या पोराबद्दल? मी ‘छे रे’ म्हणाले, तेही उशिरा. त्याला उशीर कळला.

मग क्लबवाल्यांचा निरोप आला. सीझन संपेपर्यंत संघ तुम्हीच निवडा, तुम्हाला नंबर्स माहीत आहेत, कोचलाही तेच आवडलं असतं. कोचला काय आवडलं असतं ते मला विचारा! तन्मय म्हणाला, ‘मी खेळणार. फॉर बाबा. आता तू तरी काढू नकोस.’

मी रजेवरच होते. तो कामाला गेला की पडदे ओढायचे आणि भर दुपारी मॅचेस बघायचे. पुन्हा पहिल्यापासून, सगळ्या. सोफ्यावर तुझ्या जागी बसून, रिमोट माझ्या हातात. मोजायला दुसरं कुणी नाही. मी फक्त तन्मयला बघत होते. समोरचे कुठून येतात, कुणाकडे जातात. तो म्हणत होता ते खरं निघालं, खरंच त्याच्या अंगावर येत होते. सुरुवातीच्या मॅचेसना नाही. तेव्हा सगळे मधून पळायचे. नंतर हळूहळू एकेक त्याच्याकडे वळायला लागला. मला वाटलं, संपलं, हेच बघितलं असणार तू. मी टीव्ही बंद केला आणि तिथेच उशीत तोंड खुपसून ओरडले. शेजारच्या घरी कुत्रा भुंकायला लागला.

थोड्या वेळानं पुन्हा लावला. दुसरं करायला काय होतं? आणि तेव्हा दिसलं. मिलिंद, मला दिसलं. ते सगळे त्याच्या डाव्या अंगाला येत होते. आणि तो दर वेळी पाय फिरवून, आख्खं अंग वळवून उजवा खांदा पुढे घालत होता. माणूस पडत होता. टॅकल मोजला जात होता. माझ्या तक्त्यात टॅकल म्हणजे टॅकल. कुठल्या खांद्यानं, हा रकानाच मी कधी केला नव्हता. आधीच्या मॅचेसमध्ये तो दोन्ही खांदे वापरायचा. मग एका मॅचमध्ये तो पडतो, उठायला जरा वेळ लावतो, हात झटकतो, हसतो. त्यानंतर डावा खांदा एकदाही नाही. समोरच्या परक्या पोरांना कळलं होतं. त्याच्या आईला कळलं नव्हतं, ती बेरीज करत होती.

आणि पेटी. ‘आय ॲम गुड हिअर, काका.’

तुझा गुडघा आठवला मला. जिल्ह्याच्या निवड चाचणीला तू सुजलेला गुडघा फडक्यानं करकचून बांधून उतरला होतास, कुणाला न सांगता, सांगितलं तर काढतील म्हणून. निवड झाली आणि पहिल्याच सामन्यात गुडघा कायमचा गेला. जिना चढताना त्याचा कुईकुई आवाज यायचा आणि तू ‘कार्यक्रम सुरू झाला’ म्हणायचास. लग्नाआधी ही गोष्ट तू मला फुशारकीनं सांगितली होतीस. तन्मयला कधीच सांगितली नाहीस. का रे? त्यानं गिरवू नये म्हणून? मग न सांगताही त्यानं तेच केलं.

या गुरुवारी तो कामावरून आला. ‘आई, टीम टाकलीस?’

‘टाकते. आधी वरच्या कपाटातला मोठा कुकर काढून दे.’

तो आला, उजवा हात वर केला.

‘डाव्या हातानं.’

‘व्हॉट?’

‘डाव्या हातानं काढ.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग डावा हात उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. तिथून वर जाईना. त्याच्या कपाळावर घाम आला. मी पुढे होऊन हात धरून खाली आणला.

‘इट पॉप्स आउट समटाइम्स,’ तो म्हणाला. ‘मी परत बसवतो. नॉट अ बिग डील. सीझन झाल्यावर दाखवणार होतो.’

मी त्याला खुर्चीवर बसवून तुझ्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. फडकं, सूज, निवड, सगळं. फुशारकी वगळून. तो खाली मान घालून ऐकत होता. मग लहान असताना विचारायचा तसं, मराठीत विचारलं, ‘आई, बाबांना माहीत होतं?’

आता बघ माझ्याकडे काय होतं. एक ‘रविवारी बोलू’. एक ‘मला आधी’. आणि आणखी एक. काही आठवड्यांपूर्वी दाढी करता करता तू मला विचारलं होतंस, ‘तुझ्या तक्त्यात डावं-उजवं असतं का गं?’ मी म्हटलं, ‘कशाला?’ तू म्हणालास, ‘सहज.’ आता ते मैदानाची डावी बाजू म्हणून विचारलंस की खांदा म्हणून, देव जाणे. तू काही तरी बघितलं होतंस, की नुसता चाळा म्हणून बोललास? एवढ्याशा पुराव्यावर मी ऑफिसात डोकेदुखीची गोळीसुद्धा पुढे सरकू देत नाही. उलटही असू शकतं. तुला तो खरंच कच्चा वाटला असेल. डॅरेलवर तुझा जीव होताच. कदाचित बापानं मुलाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच असेल. सगळ्या शक्यता माझ्यासमोर होत्या आणि एकीवरही बोट ठेवता येत नव्हतं. आणि तो वाट बघत होता. हा पोरगा आयुष्यभर ते फोनवरचं शेवटचं बोलणं उशाशी घेऊन झोपणार होता.

मी म्हटलं, ‘हो.’

‘हाउ डू यू नो?’

बघ, पोरगा माझाच.

‘त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणाले, खांदा दुखतोय त्याचा, लपवतोय. रविवारी पोहे खायला बोलावतो आणि बोलतो.’

तो रडला, मिलिंद. तू गेल्यापासून पहिल्यांदा. डोकं टेबलावर टेकून, डावा हात मांडीत धरून. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले आणि दुसऱ्या हातानं ग्रुपवर संघ टाकला. त्याच्या जागी डॅरेल. नाव कुठून काढायचं आणि कुठलं घालायचं हे मला पाठच होतं.

परवा त्याला खांद्याच्या डॉक्टरकडे नेतेय. काल तो बाजूला उभा राहून पोरांना पाणी देत होता. कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, ‘बाबांनी पकडलं मला. काही लपवता यायचं नाही त्यांच्यापासून.’ हसत सांगत होता. डॅरेलनं मान डोलावली, हो, काकांची नजर म्हणजे नजर. दोन दिवसांत ते खरं होऊन बसलंय. आता पुढे पोराबाळांना सांगेल तो.

आणि मी इथे पोह्यांसमोर बसलेय. आयुष्यात एकदाच आकड्याशिवाय छातीठोकपणे काही बोलले, तेही तुझ्या तोंडी घालून. रात्रंदिवस तुला ‘किती वेळा, कशावरून’ विचारणारी मी. ते खरं होतं का रे? सांग. तू बघितलं होतंस ना? मला नुसतं हो नको, कशावरून ते सांग. कुठल्या मॅचला दिसलं, कितव्या टॅकलला, आणि मला का नाही सांगितलंस?

नाहीतर खोटं असेल. तसं असेल तर एकदा ये. सोफ्यावर बस, रिमोट घे, आणि म्हण, ‘आकडेबाई, चुकलात.’ एवढंच म्हण. मी कशावरून म्हणून विचारणार नाही.